पाण्यावरची शिव

मे महिन्याच्या अखेरीस पेठच्या आठवडी बाजारात सुक्या मासळीच्या ढिगांभोवती गर्दी असते. बोंबील, सुकट, जवळा, मांदेली. पाऊस लागला की पाड्यावरून बाजारात येणं अवघड, म्हणून बायका चार महिन्यांची बेगमी आधीच करून ठेवतात. वजन करायच्या आधी मूठभर सुकट तळहातावर पसरून बघतात, वाळू किती, चुरा किती. समुद्र इथून दिसत नाही. नाशिकहून सावळघाट ओलांडून इथवर यायचं, आणि हाच रस्ता पुढे धरमपूरमार्गे गुजरातच्या किनाऱ्याकडे जातो. दमणगंगाही त्याच दिशेची. दिंडोरी तालुक्यात आंबेगावाजवळ उगम पावून ती पेठच्या डोंगरांतून खाली उतरते आणि १३१ किलोमीटरचा प्रवास करून दमणला समुद्राला मिळते. इथल्या कोकणा जमातीच्या तर नावातच कोकण आहे. आपले पूर्वज तिकडून वर आले, ही आठवण त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

तरीही समुद्र राखण्याविषयीचं हे प्रकरण पेठपासून सुरू करण्याचं कारण मासळी नव्हे आणि नदीही नव्हे. कारण आहे ग्रामसभा.

पेठ तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. कोकणा, महादेव कोळी, वारली, कातकरी ही इथली वस्ती. नागली, वरई, भात ही पिकं. पाऊस धो धो पडतो आणि एप्रिल-मेमध्ये हंडाभर पाण्यासाठी दरी उतरावी लागते. इथल्या डोंगरांवर वनखात्याच्या हद्दीच्या रेषा ब्रिटिश काळात पडल्या, त्या आखणाऱ्यांनी पाड्यावरच्या कुणाला विचारलं नव्हतं. ज्या उतारावर आजा नागली पेरत होता, तो उतार एका कागदामुळे राखीव जंगल झाला आणि नातू अतिक्रमणदार ठरला. २००६ चा वनहक्क कायदा हा त्या अन्यायाची दुरुस्ती म्हणून आला. आपल्या उद्देशिकेत हा कायदा ऐतिहासिक अन्याय असा शब्द वापरतो. कायद्याला स्वतःच्या चुकीचं नाव घ्यायला लागावं, हे आपल्याकडे फार वेळा घडत नाही.

या कायद्यातल्या तीन गोष्टी इथे लक्षात ठेवायच्या, कारण पुढे मालवणला त्यांचा उपयोग आहे. पहिली, कलम ३. त्यात सामूहिक हक्कांच्या यादीत गुरचराई आहे, गौण वनोपज आहे आणि पाणवठ्यांतल्या मासळीचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे पहिल्या पावसात ओहोळाला चढणीचे मासे आले, तर ते पकडण्याची जुनी वहिवाट हा हक्क म्हणून मांडता येतो. दुसरी, कलम ५. जंगल, वन्यजीव, पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार आणि जबाबदारी ते हक्कधारकांना आणि ग्रामसभेला देतं. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. दाव्यासाठी कोणता पुरावा चालेल हे सांगणाऱ्या नियम १३ मध्ये सरकारी नोंदी आहेत, तशीच देवस्थानं, विहिरी, दफनभूमी यांसारख्या जागेवरच्या खुणा आहेत, आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही आहे. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं हा पुरावा! ज्यांच्या पिढ्या कागदाविना जगल्या, त्यांच्यासाठी याहून मोठं दार कायद्यात उघडलेलं नाही.

हे दार सहज उघडलेलं नाही आणि आजही पुरतं उघडं नाही. दावे फेटाळले गेले, कसत असलेल्या जमिनीपेक्षा कमी जमीन पदरात पडली, वर्षानुवर्षं फायली हलल्या नाहीत. म्हणूनच ६ ते १२ मार्च २०१८ या दिवसांत सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडची माणसं हजारोंनी नाशिकहून मुंबईला सुमारे १८० किलोमीटर चालत गेली. वनहक्कांची अंमलबजावणी ही त्या मोर्चाची मुख्य मागणी होती. भेगाळलेल्या तळपायांची छायाचित्रं तेव्हा देशभर पाहिली गेली. विचारलं जाण्याचा हक्क कागदावर मिळाल्यानंतरही त्यासाठी एवढं चालावं लागतं. मग ज्यांना तो कागदावरही मिळालेला नाही त्यांचं काय? आता समुद्राकडे जाऊ.

मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्ग बांधायला घेतला. किल्ल्याच्या आसपासचा समुद्रतळ खडकाळ आहे. ओहोटीला डोकं वर काढणारी आणि कायम पाण्याखाली राहणारी खडपं आहेत, त्यांच्यावर प्रवाळ आहे, समुद्री शेवाळाचे प्रकार आहेत, आणि या सगळ्याच्या आधाराने वाढणारी मासळीची पिल्लं आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर इतकं समृद्ध उथळ पाणी फार थोड्या ठिकाणी सापडतं. ते राखावं असं शास्त्रज्ञांना वाटलं, त्यात चूक काहीच नव्हती. १३ एप्रिल १९८७ रोजी राज्य सरकारने मालवण सागरी अभयारण्य घोषित केलं. एकूण क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. त्यातलं ३.१८२ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र, त्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालची खडपं. उरलेलं बफर क्षेत्र.

हे आकडे मोठे वाटतात का? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या एका गावाला मिळालेलं सामूहिक वनक्षेत्र सुमारे १,८०० हेक्टर आहे. मालवणचं गाभा क्षेत्र ३१८ हेक्टर. एका गावाच्या जंगलाच्या पाचव्या हिश्शाहूनही लहान तुकडा. एवढ्याशा पाण्यावरून इतक्या वर्षांचं भांडण का व्हावं, असं घाटावरच्या माणसाला वाटू शकतं. पण हा तुकडा नेमका मालवणच्या दारात आहे. लहान होडीवाल्याचा रोजचा व्यवहार तिथेच चालतो. खोल समुद्रात जायला त्याच्याकडे इंजिनाची ताकद नाही, बर्फ नाही, डिझेलला पैसा नाही. ट्रॉलरवाला रेषा टाळून पुढे जाईल. होडीवाल्याला पुढे जाता येत नाही.

आणि रेषा पडली ती विचारल्याशिवाय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तेव्हा क्रमच तसा होता. राज्य सरकारने आधी अभयारण्य घोषित करायचं, मग जिल्हाधिकाऱ्याने लोकांच्या हक्कांची चौकशी करायची. जाहीरनामा निघाल्यावर दोन महिन्यांत लेखी दावा दाखल करायचा. आता मालवणातल्या एखाद्या रापणकराने काय लिहून द्यायचं होतं? कायदा विचारतो तो हक्क जमिनीतला किंवा जमिनीवरचा. त्यातल्या जमिनीच्या व्याख्येत खाड्या आहेत, नद्या आहेत, तलाव, पाणथळ, खडकही आहेत. समुद्र नाही. सातबारा नाही, फेरफार नाही, मोजणी नाही. त्याच्या आज्याने ज्या पट्ट्यात जाळं ओढलं तिथेच तो ओढतो आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते सिद्ध करायला लागेल असा कागद कुणीच कधी केलेला नाही.

रापणीबद्दल इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला किनारा मोकळा दिसतो आणि तो कुणाचाच नाही असं वाटतं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते घेऊन समुद्रात शिरते, अर्धवर्तुळ घालत जाळं सोडते आणि दुसऱ्या टोकाला किनाऱ्याला लागते. मग दोन्ही दोरांना माणसं लागतात आणि जाळं हळूहळू वर येतं. एकट्या घराचं हे कामच नव्हे. जाळ्याचे भाग वेगवेगळ्या घरांचे, होडी कुणाची, अंगमेहनत सगळ्यांची, आणि वाटे त्याच हिशेबाने पडतात. कोणत्या रापणीने कोणत्या पट्ट्यात ओढायचं, पाळी कुणाची, याचा बोलीतला कायदा असतो. तो मोडला तर भांडण होतं आणि ते मिटवणारी माणसंही ठरलेली असतात. पेठच्या पाड्याला आपली शिव कुठून कुठवर हे जसं माहीत असतं, तशीच ही पाण्यावरची शिव आहे. फरक एवढाच की डोंगरावरच्या शिवेला उशिरा का होईना कायद्याने ओळख दिली.

मालवणच्या मच्छीमारांनी अभयारण्याला विरोध केला आणि तो दशकानुदशकं टिकला. तिथे कडक बंदी प्रत्यक्षात कधी आली नाही. कागदावर अभयारण्य आणि पाण्यात रोजची मासेमारी असं चालत राहिलं. मच्छीमारांसाठी काम करणाऱ्या चेन्नईच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने २००८ मध्ये भारतातल्या सागरी संरक्षित क्षेत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मन्नारच्या आखाताबरोबर मालवणचं प्रकरण सविस्तर आहे. सल्लामसलतीचा अभाव हे त्यातलं ठळक निरीक्षण. या अवस्थेत नुकसान दोघांचं झालं. प्रवाळाला खरं संरक्षण मिळालं नाही, कारण राखणदार कुणीच नव्हता. आणि मच्छीमाराच्या डोक्यावर टांगती तलवार राहिली, कारण बंदी उद्या येईल की परवा याचा भरवसा नव्हता. ज्याला उद्याची खात्री नाही तो पिल्लं सोडून देत नाही, हे सांगायला शास्त्र लागत नाही.

१९९१ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली. आता आधी हेतू जाहीर करायचा, चौकशी करायची, मग अंतिम घोषणा. सागरी हद्दीतलं पाणी अभयारण्यात घ्यायचं असेल तर आणखी अटी आल्या. केंद्राची पूर्वसंमती हवी, हद्द ठरवताना नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकांचा सल्ला हवा, आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित राखण्याची पुरेशी तजवीज झालेली हवी. शेवटचं वाक्य वाचून बरं वाटतं. पण पुन्हा वाचा. नौदलाचा सल्ला घ्यायचा आहे, मच्छीमाराचं हित राखायचं आहे. सल्ला एकाचा, हित दुसऱ्याचं. मच्छीमाराचं हित कशात आहे हे त्यालाच विचारावं, असं त्या वाक्यात कुठेही म्हटलेलं नाही.

२०२२ च्या दुरुस्तीने हा फरक अधिकच उघडा पाडला. अभयारण्य अनुसूचित क्षेत्रात असेल किंवा जिथे वनहक्क कायदा लागू आहे अशा भागात असेल, तर त्याचा व्यवस्थापन आराखडा संबंधित ग्रामसभेशी विचारविनिमय करून बनवायचा, असं आता कायदा सांगतो. उद्या पेठच्या डोंगरात अभयारण्य झालं तर आराखडा ग्रामसभेपुढे यायला हवा. मालवण अनुसूचित क्षेत्रात नाही, आणि समुद्राचा तळ म्हणजे वनजमीन नव्हे. पेठच्या आदिवासी शेतकऱ्याकडे आज जे आहे ते मालवणच्या गाबीत मच्छीमाराकडे नाही, आणि ते त्याला मिळायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर समुद्राच्या अभ्यासकांचा एक आक्षेप असतो आणि तो वजनदार आहे. जंगलातलं झाड जागचं हलत नाही, मासा हलतो. मालवणच्या खडपात वाढलेलं पिल्लू मोठं होऊन देवगडच्या जाळ्यात सापडेल. मग त्या खडपावर निर्णयाचा हक्क एकट्या मालवणचा कसा? शिवाय स्थानिक म्हणायचं कुणाला? रापणकर स्थानिक, ट्रॉलरवाला स्थानिक, पर्ससीन जाळं टाकणाराही स्थानिक, आणि किल्ल्याजवळ पर्यटकांना पाण्याखाली प्रवाळ दाखवणारा तरुणही स्थानिकच. नांगर प्रवाळावर पडतो तेव्हा तो बाहेरच्या माणसाचाच असतो असं नाही. तारकर्ली-मालवणच्या पर्यटनाने अनेक घरांत चूल पेटवली, आणि त्याच पर्यटनाचे पाय प्रवाळावर पडले.

आक्षेप मान्य करूनही मला त्याचं उत्तर मच्छीमारांच्या इतिहासातच दिसतं. किनाऱ्यालगतचं पाणी राखून ठेवा ही मागणी या किनाऱ्यावर आधी कुणी केली? गोव्यात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ट्रॉलर किनाऱ्याजवळ घुसू लागले तेव्हा रापणकर रस्त्यावर उतरले. उपोषणं झाली, समुद्रात संघर्ष झाले, आणि त्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा गोव्यात आला. महाराष्ट्राचा १९८१ चा. किनाऱ्यालगतच्या ठरावीक वाव खोलीच्या आत यांत्रिक ट्रॉलिंग चालणार नाही, हे तत्त्व त्या लढ्यांच्या मागण्यांतून घडलं. पर्ससीनविरोधातही सिंधुदुर्गाचे पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं भांडले, आणि ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्य सरकारने पर्ससीनच्या मासेमारीवर कालावधी आणि क्षेत्राची बंधनं घातली. प्रकाशझोत टाकून मासे गोळा करण्यावर २०१७ मध्ये केंद्राने बंदी आणली, तीही मच्छीमारांच्याच तक्रारींनंतर. जून-जुलैची बंदी तर कायद्याच्या फार आधीपासून नारळी पौर्णिमेच्या रूपाने पाळली जात होती. ही माणसं निर्बंधांच्या विरोधात नाहीत. ती स्वतः निर्बंध मागत आली आहेत. त्यांना मागितलेला निर्बंध पाण्यात अमलात येताना दिसत नाही, आणि न मागितलेली रेषा दारात येऊन पडते. राग याचा आहे.

२०११-१२ पासून सिंधुदुर्गात केंद्र आणि राज्य सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने किनारी जैवविविधतेचा एक मोठा प्रकल्प राबवला. त्याच सुमारास, २०१२ मध्ये, राज्यात कांदळवन कक्ष स्थापन झाला. या प्रकल्पाने एक वेगळी वाट धरली. बंदीची भाषा बाजूला ठेवून उपजीविकेपासून सुरुवात केली. शिनाण्यांची आणि कालवांची शेती, खेकडेपालन, यांत बचत गटांच्या बायका पुढे आल्या. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवू लागल्या. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस लावण्याचा प्रयोग झाला. नेहमीचा शंकरपाळीच्या आकाराचा आस ताण आला की मिटतो आणि पिल्लं आत अडकतात. चौकोनी आस ताणाखालीही उघडा राहतो, पिल्लं निसटतात. इतकी साधी गोष्ट, पण ती मच्छीमाराच्या जाळ्यावर, त्याच्या डोळ्यांसमोर करून दाखवावी लागते. शिवाय त्यात निसटणारा मासा त्याला आज दिसतो, वाढून परत येणारा दिसत नाही. हा विश्वास कमवायला वेळ लागतो.

डिसेंबर २०१८ मध्ये राज्याने आणखी एक योजना आणली. जाळ्यात कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित जीव अडकला आणि तो सोडवण्यासाठी मच्छीमाराला जाळं कापावं लागलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून सुटकेची छायाचित्रं द्यायची. या योजनेत मला एक जातिवंत शहाणपण दिसतं. कायदा मोडलास असं म्हणण्याऐवजी तुझं नुकसान झालं हे आम्हाला कळतं, असं सरकार म्हणतं. त्यानंतर किनाऱ्यावरून सुटकेची छायाचित्रं येऊ लागली. पूर्वीही माणसं कासवं सोडत असतील, पण गुपचूप, कारण सांगितलं तर चौकशी मागे लागायची.

तरीही या सगळ्याला नियोजनातला सहभाग म्हणता येणार नाही. कालवं वाढवायला बोलावणं, सफर चालवायला बोलावणं, जाळं बदलायला बोलावणं, हा कामातला सहभाग झाला. गाभा क्षेत्र इथेच का, कोणत्या महिन्यात बंद आणि कोणत्या महिन्यात खुलं, हद्दीतून कोणतं खडप वगळायचं आणि आज हद्दीबाहेर असलेलं कोणतं आत घ्यायचं, हे ठरवायला बोलावणं वेगळं.

वेळासला याचं एक छोटं रूप दिसतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं काम सुरू केलं. अंडी पूर्वी खाल्ली जात, विकली जात. मग गावातलीच पोरं पहाटे किनारा चालू लागली, अंडी कुंपणात हलवू लागली, आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुण्यांना राहायला घरं गावाची, जेवण गावच्या बायकांच्या हातचं. वेळासचा किनारा अभयारण्य नाही. तिथे कुणी रेषा आखलेली नाही, आणि घरटी टिकली आहेत.

जगात मात्र रेषा आखूनही हे साधलं आहे. फिलिपिन्समधल्या आपो बेटाचं उदाहरण नेहमी दिलं जातं, आणि ते द्यायलाच हवं. आधी १९७४ मध्ये शेजारच्या सुमिलोन बेटाजवळ सिलिमन विद्यापीठाच्या पुढाकाराने एक राखीव क्षेत्र झालं. मासळी वाढली. पण स्थानिक राजकारणात ते संरक्षण मोडलं, १९८४ मध्ये तिथे पुन्हा जाळी पडली आणि आसपासच्या मच्छीमारांचं उत्पन्न घटलं. शास्त्रज्ञ आंगेल अल्काला आणि त्यांचे सहकारी यांनी त्याआधीच वेगळी वाट धरली होती. आपोला त्यांनी घोषणा केली नाही. ते बेटावर जात राहिले, बोलत राहिले, सुमिलोनला मासळी कशी वाढली ते मच्छीमारांना दाखवत राहिले. १९८२ मध्ये बेटवासीयांनीच किनाऱ्याचा सुमारे ४५० मीटरचा पट्टा निवडला आणि तिथे जाळं टाकायचं नाही असं ठरवलं. राखण त्यांचीच. काही वर्षांत त्या पट्ट्यातली मोठी मासळी वाढली आणि बाहेरही येऊ लागली. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मासळीची मादी जितकी मोठी तितकी ती अंडी कितीतरी पटीने जास्त देते, म्हणून थोड्या मोठ्या माद्यांना निर्धास्त जागा मिळाली तरी भोवतालच्या पाण्याला त्याचा लाभ पोहोचतो. ४५० मीटर! मालवणच्या गाभ्याहून कितीतरी लहान. पण आपल्या हाताने निवडलेला.

उलट बाजूही पाहावी. ब्रिटनने २०१० मध्ये हिंदी महासागरातल्या चागोस बेटांभोवती प्रचंड मोठं सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर केलं. ज्या चागोसवासीयांना १९६८ ते १९७३ या काळात तिथून हाकलून दिलं होतं, त्यांना परत जाऊ देण्याचा प्रश्न तेव्हा जिवंत होता. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने ती घोषणा सागरी कायद्याच्या विरोधात असल्याचा निवाडा दिला. निसर्ग राखण्याच्या नावाखाली माणसाला घराबाहेर ठेवता येतं, याचं हे उदाहरण. आज ते विसरून चालणार नाही, कारण डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियलला देशांनी २०३० पर्यंत जमीन आणि समुद्र यांचा ३० टक्के भाग संरक्षित करण्याचं उद्दिष्ट स्वीकारलं आहे. त्या मजकुरात स्थानिक समाजांच्या हक्कांचा आदर करण्याची बात आहे. पण टक्केवारी गाठायची घाई झाली की मजकुरातली कोणती ओळ आधी विसरली जाते, हे पेठच्या माणसाला सांगायला नको.

म्हणून मालवणला पुन्हा सुरुवात करायची झाली तर कुठून करावी, याबद्दल माझं मत लिहितो. आधी नकाशा घेऊन जाऊ नये. कोरा कागद घेऊन जावं. मच्छीमाराला समुद्रतळ माहीत असतो तो खुणांनी. किनाऱ्यावरचा अमुक माड आणि मागच्या डोंगराचं टोक एका रेषेत आलं, आणि दुसरीकडून देवळाचा कळस किल्ल्याच्या बुरुजाला भिडला, की खाली खडप. त्या खडपाला नाव असतं. मतलई वारा कधी सुटतो, उधाणाच्या भरतीला कोणती मासळी कुठे येते, भांगाला पाणी कसं मंदावतं, कोणत्या महिन्यात माशांच्या पोटात गाभोळी असते, हे सगळं त्या नावांना चिकटलेलं असतं. उपग्रहाच्या चित्रात एका क्षणाचा समुद्र दिसतो, तांडेलाच्या बोलण्यात बारा महिन्यांचा.

दुसरं, बैठक कधी आणि कुणाची हे बैठकीत काय ठरलं याइतकंच महत्त्वाचं. हंगामात सकाळी अकराला तालुक्याच्या गावी सभा ठेवली तर लहान होडीवाला येणार नाही, आणि नोंदवहीत मात्र मच्छीमार प्रतिनिधी हजर अशी सही असेल. जून-जुलैत होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं घरी जाळी विणत असतात. तेव्हा वाडीवर जावं. आणि बायकांना वेगळं भेटावं. ओहोटीला खडपांवर कालवं फोडणाऱ्या, शिनाणे काढणाऱ्या, तिसऱ्या वेचणाऱ्या बायकाच असतात. लिलावात मासळी घेऊन बाजारात बसणाऱ्याही त्याच. होडी नसल्याने मच्छीमारांच्या यादीत त्यांचं नाव बहुधा नसतं, आणि खडपं बंद झाली तर पहिली चूल त्यांची विझते.

पेठला वाघबारशीला वाघदेवाची पूजा होते. ज्याची भीती आहे आणि ज्याच्याविना जंगल नाही, त्याला नैवेद्य दाखवायचा. मालवणला नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात. या दोन्ही विधींत निसर्गाशी केलेला एक करार आहे, आणि करारात दोन बाजू असतात. सरकारी घोषणेत एकच असते.

एक जागा अशीही आहे जिथे गावच नाही. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक हे पाण्याखालचं प्रवाळाचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांची मोहीम तिथे जाऊन आली, आणि ते राखावं असा प्रस्ताव पुढे आला. हे पाणी १२ सागरी मैलांच्या बाहेर असल्याने राज्याच्या अभयारण्याचा कायदा तिथे पुरत नाही. वाडी नाही, रापण नाही, ओहोटीला खडपावर जाणाऱ्या बायका नाहीत. मग विचारायचं कुणाला? तिथवर जाणाऱ्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या नौकांना, त्यांच्या तांडेलांना आणि दुरून येणाऱ्या खलाशांनाही. ते एका गावचे नसतील, पण त्या पाण्याशी नातं असलेली माणसं तीच.

मालवणपुरतं एक काम आजच्याच कायद्यात करता येण्यासारखं आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही सांगितली आहे. ती फक्त झाडापाखरांसाठी आहे असं कायद्यात कुठेही नाही. येत्या आषाढात, होड्या शाकारलेल्या असताना, किनाऱ्यावरच्या वाड्यांनी त्या वहीत आपली खडपं लिहावीत. एका रकान्यात माडाची आणि डोंगराची खूण, दुसऱ्यात खोली वावांत, तिसऱ्यात महिना आणि मासळी, चौथ्यात सांगणाऱ्याचं नाव आणि वय. वनहक्काच्या नियमाने पेठमध्ये वडीलधाऱ्याचा जबाब जसा लिहून घेतात, अगदी तसा. या खुणा नौदलाच्या नकाशावर कशा चढवायच्या हे मग मुख्य जलसर्वेक्षकांना विचारता येईल. त्यांचा सल्ला घ्यायला कायद्याने सांगितलेलंच आहे.